चटका, ठणका आणि अमिग्डाला

तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, चटका नंतर जाणवतो. हात मागे घेण्याचा निर्णय मज्जारज्जूतच होतो. त्या चटक्याचा त्रास वाटणं, तो नकोसा होणं, हे मात्र मेंदूचं वेगळं काम आहे. त्यात मोठा वाटा आहे अमिग्डालाचा. कानशिलामागे खोलवर, दोन्ही बाजूंना असलेली ही बदामाच्या आकाराची रचना भीतीसाठी प्रसिद्ध आहे. वेदनेशी असलेलं तिचं नातं मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

2019 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या डोक्यावर चिमुकले सूक्ष्मदर्शक बसवून अमिग्डालाच्या पेशी केव्हा सक्रिय होतात ते पाहिलं. सुईची टोच, गरम थेंब, अति थंड थेंब अशा निरनिराळ्या वेदनांना पेशींचा एक ठरावीक गट प्रतिसाद देत होता. हा गट निष्क्रिय केल्यावर उंदीर पाय झटकन मागे घेतच राहिले, पण पाय चाटणं, जपणं, तिथून पळ काढणं कमी झालं. म्हणजे वेदना पोहोचत होती, तिची पीडा ओसरली होती. मग याच उंदरांच्या एका नसेला इजा केली, तेव्हा एरवी निरुपद्रवी असणारा हलका स्पर्शही तोच गट जागा करू लागला. नस दुखावलेल्या माणसाला अंगावरचं पांघरूणही सोसवत नाही, त्यामागे असंच काही घडत असावं.

संधिवाताचा ठणका वेगळ्या वाटेने छाप सोडतो. सांध्यातून निघालेला संदेश मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातून, थेट अमिग्डालाच्या मध्यवर्ती भागात पोहोचतो. गुडघ्याला सूज आणलेल्या उंदरांमध्ये काही तासांतच तिथल्या पेशी जास्त उत्तेजित झाल्या. नवल म्हणजे गुडघा डावा असो की उजवा, हा बदल उजव्या अमिग्डालात दिसला. असं का, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.

याच मध्यवर्ती भागात दोन परस्परविरोधी प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी नांदतात. पायाची मोठी नस दाबली गेलेल्या उंदरांत एका प्रकारच्या पेशी अधिक संवेदनशील होऊन वेदना वाढवतात, तर वेदना कमी करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी मंदावतात. दुखणं जुनं झालं की त्याला तोलून धरणारी व्यवस्थाच बिघडते. रिपोर्ट नॉर्मल आलेल्या रुग्णाला ‘हे सगळं तुमच्या मनात आहे’ असं सुनावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मेंदूतले हे बदल हाडाच्या फ्रॅक्चरइतकेच खरे असतात, फक्त एक्स-रेमध्ये दिसत नाहीत.

2020 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटाला याच भागात आणखी काही पेशी सापडल्या. भूल दिल्यावर मेंदूचा बराचसा भाग शांत होतो, या पेशी उलट जाग्या होतात. प्रकाशाच्या साहाय्याने त्या चालू केल्यावर जाग्या उंदरांमध्येही वेदनेची लक्षणं झपाट्याने ओसरली. भूल न देता, फक्त एवढ्याच पेशींना गाठणारं औषध माणसासाठी बनवणं हे पुढचं काम आहे, आणि ते सोपं नाही.