नायट्रोजनची गुंगी आणि बेंड्स

नागपुरातून स्कूबा डायव्हिंग शिकायला मालवण किंवा गोव्याला निघालेल्या मंडळींच्या बोलण्यात एक गल्लत नेहमी आढळते. खोल पाण्यात येणारी नायट्रोजनची गुंगी, म्हणजे नार्कोसिस, आणि वर आल्यानंतर होणारा बेंड्स, म्हणजे डीकम्प्रेशन सिकनेस, हे एकाच त्रासाचे दोन प्रकार समजले जातात. दोन्हींच्या मुळाशी नायट्रोजनच आहे हे खरे. परंतु पहिल्यावर वर येणे हाच उपाय असतो, तर दुसरा नेमका वर येण्यातूनच उद्भवतो.

पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका, वाढतो, त्यामुळे ३० मीटरवर डायव्हर पृष्ठभागाच्या चौपट दाबाची हवा घेत असतो. या दाबाचा नायट्रोजन मेंदूवर भुलीच्या औषधासारखा परिणाम करू लागतो. कुणाला विनाकारण आनंद होतो, कुणी घाबरतो, आणि सिलिंडरमधील हवेचा आकडा डोळ्यांना दिसूनही त्याचा अर्थ मनापर्यंत पोहोचत नाही. बुडालेल्या जहाजाच्या आत, जिथे डोक्यावर पोलादी छत असते आणि पायाच्या एका फटकाऱ्याने गाळ उठून वाट दिसेनाशी होते, तिथे हीच मंदावलेली बुद्धी जिवावर बेतू शकते. 'एचएमएस हर्मिस' हे ब्रिटिश विमानवाहू जहाज ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांच्या हल्ल्यात श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ बुडाले आणि ते आज ५० मीटरहून अधिक खोलीवर आहे. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर मानली जाते, आणि त्यामागे या गुंगीचाही वाटा आहे. काही मीटर वर आले की ती लवकरच उतरते आणि शरीरात मागे काही ठेवत नाही.

बेंड्सचा हिशेब खोलीबरोबर वेळेचाही असतो. पाण्याखाली जितका वेळ जातो तितका नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत राहतो, आणि दाब झपाट्याने कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनी शेळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत मांडली. आजही मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा जलद वर न येणे आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबणे हा शिरस्ता त्याच विचारातून आलेला आहे.

छोट्या बोटीवर हा त्रास ओळखणे फार कठीण जाते, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. सिलिंडर पाठीवर घेऊन शिडी चढल्यावर खांदा दुखला, तर माणूस तो श्रमाचाच समजतो. सांधेदुखी, बधिरपणा, अंगावर पुरळ किंवा असाधारण थकवा डायव्हिंगनंतर जाणवला, तर आधी बेंड्सचीच शंका घ्यावी, शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करावा आणि रुग्णाला दाबकक्षाची, म्हणजे वाढीव दाबाखाली उपचार करणाऱ्या बंद कक्षाची, सोय असलेल्या ठिकाणी न्यावे. गुंगीवरचा उपाय उलटा लावून, म्हणजे पुन्हा पाण्यात खोल जाऊन, स्वतःच उपचार करू पाहणे अत्यंत धोक्याचे आहे. शिडी चढण्याआधी सिलिंडर पाण्यातूनच बोटीवर देणे हा या बाबतीत साधा, परंतु मोलाचा नियम आहे, कारण डायव्हनंतर लगेच केलेल्या श्रमांनी बुडबुड्यांचा धोका वाढतो.

नागपूरकरांपुढे परतीच्या प्रवासाचाही प्रश्न असतो. विमानात दाब कमी असतो, म्हणून एका डायव्हनंतर किमान १२ तास, आणि अनेक डायव्ह किंवा सलग दिवस झाले असतील तर किमान १८ तास विमानप्रवास टाळण्याचा सल्ला दिला जातो. कोकणातून गाडीने निघाल्यास सुमारे ७०० मीटर उंचीचा आंबोली घाटही याच हिशेबात धरावा. लक्षणे बहुधा काही तासांत दिसतात, पण काही वेळा घरी पोहोचल्यावरही दिसू शकतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या डॉक्टरांना बेंड्सची शंका आपणहून येईलच असे नाही, म्हणून शेवटचा डायव्ह केव्हा केला, किती खोल गेलो आणि पाण्याखाली किती मिनिटे होतो, हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगावे.