विमान काट्यावर चढवताना

तीन-चार वर्षं खपून स्वतःच्या हाताने छोटं विमान बनवलं, इंजिन बसवलं, रंगही मारून झाला, आता उडवायचं तेवढं बाकी, पण त्याआधी एक काम राहतं ज्यात ड्रिल लागत नाही की रिव्हेट लागत नाही, फक्त तीन वजनकाटे, ओळंबा, मेजर टेप आणि वही. वेट अँड बॅलन्स, म्हणजे विमानाचं वजन आणि तोल मोजणं. बऱ्याच जणांना वाटतं प्लॅनमध्ये डिझायनरने आकडे दिलेत ना, मग तेच धरू. कृपया असं करू नका. तो आकडा डिझायनरच्या विमानाचा आहे. तुम्ही बॅटरी दुसरीकडे बसवली, सीटला जाड फोम घातला, फायबरग्लासमध्ये रेझिन जरा जास्त गेलं, रंगाचा एक हात वाढला (रंगाचंच वजन काही किलो होतं), की तुमचं विमान वेगळं झालं.

एकूण वजन किती हे तर बघायचंच, पण ते वजन नेमकं कुठे आहे यावर सगळा खेळ आहे. गुरुत्वमध्य खूप पुढे गेला तर नाक जड होतं, मग शेपटीने जास्त जोरात खाली दाबावं लागतं, तो दाबही शेवटी पंखांनाच उचलायचा असतो म्हणून स्टॉल (पंखांची उचल एकदम कमी होणं) जास्त वेगाला होतो, आणि लँडिंगला नाक वर घ्यायला एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) पुरत नाही. मागे गेला तर त्याहून वाईट. बाणाचं टोक जड असतं म्हणून बाण सरळ जातो, शेपूट जड केलं तर गिरकी खातो, तसंच. नीट तोललेल्या विमानाचं नाक झोताने वर गेलं तर ते आपोआप खाली येतं, मागे जड असलेल्याचं नाक वर जातच राहतं, स्टिक (पायलटच्या हातातला दांडा) हाताला हलकी लागते, आणि स्पिनमध्ये, म्हणजे गोल फिरत खाली पडण्यात, गेलं तर कदाचित बाहेरच येत नाही. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लट इथून उडालेलं बीचक्राफ्ट १९०० डी टेकऑफनंतर लगेच पडलं, त्यातले सगळे २१ जण गेले. तपासात एलेव्हेटरच्या केबलची चुकीची जुळणी सापडली, आणि सोबत गुरुत्वमध्य मर्यादेच्या बराच मागे होता हेही. प्रवाशांना काट्यावर उभं केलेलं नव्हतं, ठरावीक सरासरी वजन धरलं होतं, ती सरासरी नंतर वाढवावी लागली.

आता प्रत्यक्ष वजन. हँगरचे दरवाजे बंद करायचे, कारण पंखांवरून वाहणारा थोडासा वारासुद्धा काट्याचा आकडा हलवतो. टाकी रिकामी करायची, जे पेट्रोल इंजिनाला कधीच मिळत नाही तेवढंच तळाला राहू द्यायचं, ऑइल मात्र पूर्ण. प्रत्येक चाकाखाली एक काटा, ब्रेक सोडलेले, आणि विमान उडताना असतं तसं लेव्हलमध्ये. टेलव्हील (तिसरं चाक नाकाऐवजी शेपटीखाली) असेल तर शेपूट स्टुलावर उचलायचं आणि स्टुलाचं वजन नंतर वजा करायचं. मग चाकाच्या अॅक्सलवरून ओळंबा सोडायचा, तो झुलायचा थांबला की जमिनीवर खडूने फुली मारायची, पंखाच्या पुढच्या कडेवरून सोडून दुसरी फुली, स्पिनरच्या (पंख्याच्या मध्यावरच्या निमुळत्या टोपीच्या) टोकाखाली तिसरी, आणि टेप जमिनीवरच धरायची. विमानाच्या अंगावरून तिरकी टेप धरून मोजलं तर चूक होतेच.

स्पिनरचं टोक शून्य धरू, याला डेटम म्हणतात. समजा नाकाच्या चाकावर ८० किलो आले आणि ते चाक डेटमपासून ०.६० मीटरवर, मागच्या दोन चाकांवर १३८ आणि १४२ किलो, ती २.१० मीटरवर. वजन गुणिले अंतर म्हणजे मोमेंट. ४८ अधिक ५८८ म्हणजे ६३६, त्याला एकूण ३६० किलोने भागलं की १.७६७ मीटर, हा रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य. पंखाची पुढची कड १.५० मीटरवर, पंखाची पुढून मागे रुंदी १.३० मीटर, आणि डिझायनरने दिलेली गुरुत्वमध्याची मर्यादा १.७० ते १.८९. म्हणजे सगळा मिळून १९ सेंटीमीटरचा पट्टा, वितीपेक्षा थोडाच कमी.

आता माणसं बसवू. दोघे मिळून १६० किलो, सीट २.०५ वर. ८० लिटर पेट्रोल म्हणजे ५७.६ किलो (लिटरला ०.७२ धरा), टाकी १.७० वर. मागे २.७० वर ३० किलो सामान. बेरीज ६०७.६ किलो, गुरुत्वमध्य १.८८१. मर्यादेत आहे, उडायला हरकत नाही असं वाटतं. पण टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे आहे, म्हणजे पेट्रोल जळतं तसतसा तोल मागे सरकतो, आणि टाकीत १० लिटर उरले तेव्हा तोच आकडा १.८९७ होतो. सात मिलिमीटर बाहेर! उडताना बरोबर असलेलं विमान उतरायच्या वेळी चुकीचं झालेलं असतं. सामान २० किलोवर आणलं की उतरताना १.८८३ येतं, चालतं. म्हणून हिशोब नेहमी दोनदा करायचा, भरल्या टाकीने आणि जवळपास रिकाम्या टाकीने, आणि स्वतःचं वजन कपडे-बूट घालून काट्यावर उभं राहून घ्यायचं, अंदाजाने नाही.

रिकामं विमानच मागे जड निघालं तर तोलासाठी नाकात शिसं टाकायच्या आधी बॅटरीकडे बघा. सात किलोची बॅटरी शेपटीकडून अडीच मीटर पुढे आणली तर १७.५ भागिले ३६०, म्हणजे जवळपास पाच सेंटीमीटर तोल पुढे येतो, आणि एक ग्रॅमही वाढत नाही. मला हा या सगळ्या गणितातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

पहिली उड्डाणं एकट्याने, गुरुत्वमध्य पट्ट्याच्या पुढच्या भागात ठेवून करायची. मग वाळूच्या पिशव्या घट्ट बांधून (सैल पिशवी मागे सरकली तर सगळा हिशोब गेला) तोल थोडा थोडा मागे न्यायचा, दर वेळी स्टिक किती हलकी झाली ते वहीत लिहायचं, आणि १.८९ यायच्या आधीच हाताला काही वेगळं जाणवलं तर तिथेच थांबून तुमच्या विमानाची मागची मर्यादा त्याच्याही अलीकडची लिहायची.