घरगुती फितींपासून आत्मकथनपर माहितीपटापर्यंत : पार्श्वभूमी

१६ मिमी फिल्म १९२३ मध्ये आणि ८ मिमी १९३२ मध्ये बाजारात आल्यावर सधन घरांत कॅमेरा शिरला. मात्र त्या रिळांतून चित्रपट घडू शकतो, हे गांभीर्याने मानले जायला १९६० चे दशक उजाडावे लागले. युद्धानंतर न्यूयॉर्कला आलेल्या एका लिथुआनियन निर्वासिताने रोजच्या चित्रणाच्या तुकड्यांतून १९६९ साली तीन तासांचा डायरीपट सादर केला आणि त्याच्या थरथरत्या चौकटी पुढच्या पिढीने शैली म्हणून उचलल्या.

खरा बदल व्हिडिओने घडवला. सुपर ८ या घरगुती वापराच्या ८ मिमी फिल्मचे एक काडतूस (फिल्मची बंद डबी) तीनेक मिनिटांत संपे, म्हणून वाढदिवस आणि सहली तेवढ्या टिपल्या जात. १९८० च्या दशकातील कॅमकॉर्डर मात्र आवाजासह तासन्‌तास चालू राही, त्यामुळे घरातील भांडणे, आजारपण आणि अबोलाही फितीवर उतरला. टेक्ससमध्ये वाढलेल्या एका तरुणाने लहानपणापासून केलेले असेच चित्रण, मनोरुग्ण आईसह, घरच्या संगणकावर जोडून २००३ मध्ये दाखवले. त्याचा गाजावाजा झालेला २१८ डॉलर खर्च काहीसा फसवा आहे, कारण प्रदर्शनापूर्वी गाण्यांचे हक्क मिळवण्यासह इतर कामांवर त्याच्या कित्येक पट रक्कम गेली.

वाद झाला तो २०१२ च्या एका कॅनेडियन माहितीपटावरून. दिवंगत आईचे आयुष्य आणि स्वतःच्या पितृत्वाचे गुपित उलगडताना दिग्दर्शिकेने घरच्या अस्सल फितींत, नटांना घेऊन सुपर ८ वर नव्याने चित्रित केलेली दृश्ये बेमालूम मिसळली. चित्रपट संपत आल्यावर ती नटांना सूचना देताना दिसते, तेव्हा कुठे अनेकांना हा प्रकार उमगला. फिल्मच्या दाणेदार पोतावर प्रेक्षक पुरावा म्हणून विश्वास ठेवतो आणि येथे त्याचा गैरफायदा घेतला गेला, हा आक्षेप क्षुल्लक नाही. तरीही समर्थकांची बाजू अधिक भक्कम वाटते. एकाच घटनेच्या परस्परविरोधी आठवणी हाच त्या चित्रपटाचा विषय होता, आणि ही क्लृप्ती त्याने स्वतःच उघड केली. शिवाय अस्सल फीत तरी कुठे निःपक्षपाती असते? कॅमेरा बहुधा वडिलांच्या हाती असे, त्यामुळे ते स्वतः चित्रात क्वचितच येत, आणि अंत्यविधी तर सहसा कोणी चित्रित करत नसे.

नातेवाइकांच्या संमतीचा प्रश्न त्या मानाने कमी चर्चिला गेला आहे. काही दिग्दर्शक अंतिम संकलनापूर्वी कुटुंबाला चित्रपट दाखवतात, काही दाखवत नाहीत.

व्हीएचएस, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेट चालवणाऱ्या यंत्रांचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले. लग्न-मुंजींच्या जुन्या कॅसेटना आपल्याकडे पावसाळी दमटपणामुळे बुरशीही लागते, त्यामुळे असे चित्रपट करू पाहणाऱ्यांना आता संकलनाआधी डिजिटायझेशनच्या खर्चाची तजवीज करावी लागते.