डिस्क वाकडी होणं वेगळं, जाड-बारीक होणं वेगळं

ब्रेक दाबला की पायाखाली पेडल धडधडतं, हातात स्टेअरिंग थरथरतं. गाडी गॅरेजला नेली की चाक खोलायच्या आधीच निदान तयार असतं: "डिस्क बेंड व्हयनी भाऊ." डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी चकती. आपल्या खानदेशात धुळं असो की भुसावळ, चोपडा असो की शहादा, उत्तर हेच. मग डिस्क लेथवर जाते, घासून परत येते, दोन-चार महिने गाडी लोण्यासारखी थांबते आणि नंतर तीच धडधड पुन्हा सुरू होते. मालक म्हणतो डिस्कच हलकी होती, मेकॅनिक म्हणतो तुम्ही ब्रेक फार दाबता. दोघंही एका दुखण्याचं नाव दुसऱ्या दुखण्याला देत असतात, म्हणून औषध लागू पडत नाही.

डिस्क वाकडी असणं म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. सायकलची रिम आउट झाली की चाक फिरताना डावी-उजवीकडे डोलतं, तसंच. लेथवाले याला रनआउट म्हणतात. छोट्या गाड्यांत हा डोल साधारण ०.०५ ते ०.१० मिमीच्या आत असावा लागतो. यावर जास्त लिहीत नाही, कारण गोंधळ इथे नाहीच.

गोंधळ पुढे आहे. हा डोल पेडलाला जवळजवळ जाणवत नाही. ऑल्टो, वॅगनआर, सँट्रो, जुनी स्विफ्ट अशा गाड्यांचा पुढचा कॅलिपर, म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, पिनांवर सरकणारा असतो. डिस्क डावीकडे गेली की दोन्ही पॅड आणि कॅलिपर तिच्याबरोबर डावीकडे जातात, उजवीकडे आली की उजवीकडे येतात. पॅड ढकलणारा पिस्टन आपल्या जागी राहतो, ब्रेक ऑइल मागे ढकललं जात नाही, पेडल शांत राहतं. म्हणून नवी डिस्क थोडी वाकडी बसली तरी टेस्ट ड्राइव्हला काहीच कळत नाही. गाडी झक्कास थांबते आणि सगळे खूश होऊन घरी जातात.

पेडल धडधडतं ते डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसते तेव्हा. एके ठिकाणी डिस्क जाड, दुसरीकडे बारीक. जाड भाग पॅडमध्ये आला की पॅड फाकतात, पिस्टन आत ढकलला जातो, ऑइल मागे येतं आणि तो धक्का थेट पायाला बसतो. बारीक भाग आला की पिस्टन पुन्हा पुढे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हे घडतं, म्हणून वेग उतरतो तशी धडधडही संथ होत जाते. जाडीत ०.०१५ ते ०.०२ मिमी एवढासा फरक पडला तरी पुरतो. डोळ्याला दिसणार नाही, नखाला लागणार नाही, पण पायाला कळेल.

मग डिस्क जाड-बारीक होते कशाने? बहुतेक वेळा त्या आधीच्या डोलानेच, आणि तेही ब्रेक न दाबता. पाय पेडलावरून काढला तरी पॅड डिस्कपासून फार लांब जात नाहीत. डिस्क डोलत असेल तर दर फेऱ्याला तिचा बाहेर आलेला भाग पॅडला चाटून जातो. एका अंगाला आतला पॅड चाटतो, समोरच्या अंगाला बाहेरचा. जळगाव ते धुळे एवढ्या एका फेरीतसुद्धा चाक हजारो वेळा फिरतं, आणि दर वेळी त्याच दोन जागा घासल्या जातात. काही हजार किलोमीटरनंतर त्या जागा बारीक होतात आणि धडधड सुरू होते. वाकडेपणा हे कारण, जाड-बारीक होणं हा परिणाम, आणि मध्ये महिन्यांचं अंतर. या अंतरामुळेच खरा दोष कुणाच्या लक्षात येत नाही. चार महिन्यांपूर्वी चाक उघडलं तेव्हा काय झालं होतं, ते आता कोण आठवतं?

आणि तो डोल बहुतेकदा डिस्कमध्ये नसतोच. तो हबवर असतो. हब म्हणजे डिस्क ज्या तबकडीवर बसते ती. तिथे जुन्या गाडीत गंजाची खपली, वाळलेला चिखल, जुन्या रंगाचा थर साचलेला असतो. आपल्याकडची काळी माती एकदा आत शिरली की सिमेंटसारखी बसते. हबवर ०.०५ मिमीची खपली दबली तर डिस्कच्या कडेला तो फरक जवळपास दुप्पट होतो. अशा हबवर महागातली महाग नवी डिस्क ठेवा, ती पहिल्या दिवसापासून वाकडी फिरणार.

आता लेथबद्दल स्पष्टच सांगतो. जुन्या छोट्या गाडीची डिस्क साध्या लेथवर टर्निंग मारायला, म्हणजे घासून सपाट करायला, माझा विरोध आहे. साध्या लेथवर डिस्क लेथच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, धरून एक बाजू मारतात, मग उलटी करून दुसरी. दोन वेळा धरली म्हणजे दोन वेळा पकड बदलली. दोन्ही बाजू दिसायला चकचकीत येतात, पण एकमेकींना समांतर येतीलच याची खात्री नाही. म्हणजे ज्या जाडीच्या फरकासाठी लेथला गेलात, तोच फरक लेथवरून विकत आणलात. दोन्ही बाजूंना एकाच वेळी कटर लावणारं खास ब्रेकचं मशीन असेल किंवा डिस्क गाडीवरच ठेवून मारत असतील, तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही धातू कमी होतो, आणि जितका धातू कमी तितकी डिस्क लवकर तापते. त्यात हब साफ केला नसेल तर डोल कायमच राहतो.

दुसरा गैरसमज खास आपल्या भागातला: उन्हाने डिस्क वाकते. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे खरं. पण डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असते, आणि घाट उतरताना ती दोन-तीनशे अंश सहज तापते. तिला बाहेरचे पंचेचाळीस अंश म्हणजे काहीच नाही. नुकसान होतं ते वेगळ्या प्रकाराने. कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना किंवा तोरणमाळहून खाली येताना डिस्क चांगलीच तापलेली असते, पुढे ट्रॅफिक तुंबतं, आणि आपण पेडल गच्च दाबून उभे राहतो. पॅडचा माल त्या एकाच जागी डिस्कवर चिकटतो. त्या ठशाच्या जागी डिस्क जाड होते आणि धडधड तशीच येते. इथेही डिस्क वाकलेली नसते. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, आणि थांबावं लागलं तर शक्य तिथे गाडी हँडब्रेकवर धरा. तापल्या डिस्कवर बादलीने पाणी मारणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे, ते करू नका. गरम बिडाला तडा जाऊ शकतो.

दोन्हीतला फरक तपासायचा तर दोन वेगळी हत्यारं लागतात. डोल मोजायला मॅग्नेटिक बेसचा डायल गेज, म्हणजे बारीक डोल सुईने दाखवणारं मापक. डिस्क चाकाच्या नटांनी हबवर घट्ट बसवा, कडेपासून सुमारे १० मिमी आत गेजचं टोक टेकवा आणि हाताने एक फेरा फिरवा. आकडा जास्त आला तर डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. उंचवटा डिस्कबरोबर सरकला तर दोष डिस्कचा. हबच्याच जागी राहिला तर हब साफ करा, बेअरिंगही तपासा. जाडी मोजायला मायक्रोमीटर, डिस्कभर सात-आठ जागी. व्हर्निअरने जाडी मोजणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. जुन्या डिस्कच्या कडेला न घासलेली गंजकी किनार उरलेली असते, व्हर्निअरचे जबडे तिच्यावरच टेकतात आणि संपलेली डिस्कसुद्धा जाडजूड दाखवतात.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. ब्रेक न दाबता ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग हलत असेल तर आधी बॅलन्सिंग करा आणि रिमच्या आत चिकटलेला चिखल काढा, डिस्कला हात लावू नका. मागचा ड्रम गोल राहिला नसेल तरी पेडल धडधडतं. मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाला हँडब्रेक बटण दाबून धरून हळू ओढा. धडधड आली तर दुखणं मागे आहे. भोकांच्या आणि खाचांच्या फॅन्सी डिस्क मात्र या गाड्यांना कशाला, मला कळत नाही.

डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेवर बहुधा किमान जाडीचा आकडा असतो, नव्या जाडीपेक्षा साधारण २ मिमी कमी. त्या आकड्याच्या जवळ पोचली असेल तर चर्चा संपली, नवी घ्या. दोन्ही बाजूंची जोडीने घ्या आणि पॅडही नवे घ्या, कारण जुने पॅड जुन्या डिस्कच्या खाचांप्रमाणे घासलेले असतात. अडकलेली जुनी डिस्क हातोड्याने बडवून काढू नका, मार बेअरिंगला बसतो. बऱ्याच डिस्कना आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप सुटते. मग हबची तबकडी तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने धातू चमकेपर्यंत साफ करा. चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या बुडाशी साचलेला गंजही सोडू नका. या कामाला पंधरा मिनिटं लागतात आणि नेमकं हेच काम वगळलं जातं. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपरच्या पिना काढून साफ करा आणि त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

चाक बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, शेवटी टॉर्क रेंचने. छोट्या गाड्यांना साधारण ८० ते १०० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. हवेच्या गनने एका नटावर जास्त, दुसऱ्यावर कमी असा जोर पडला की डिस्क तिथेच ताणली जाते. नंतर नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून पंधरापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावा, पूर्ण न थांबता, आणि मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्या. पुढे पंक्चर काढायला का होईना, चाक उघडलं गेलं तर नट गनने न आवळता हातपान्याने आवळायला सांगा आणि आवळून होईपर्यंत तिथेच उभे राहा.