डाग की खड्डा?

गुजरातीत गंजाला 'काट' म्हणतात. बडोद्यात मकरपुऱ्याच्या वर्कशॉपात इतकी वर्षं काढल्यावर माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय. काट लागला की घासा, रंग मारा, पुढे चला. गॅलरीच्या ग्रिलला हे खपून जातं. पण २३२ बार दाबाने हवा भरायच्या स्कूबा सिलिंडरवर काट दोन जातींचा असतो, आणि लांबून दोन्ही सारखेच तांबडे दिसतात.

माझा भाचा मालवणला पर्यटकांना पाण्याखाली नेतो. दिवाळीला बडोद्याला आला तेव्हा गाडीच्या डिकीत त्याचा बारा लिटरचा पोलादी सिलिंडर होता, हवा उतरवलेला. जॅकेटचा पट्टा आवळतात तिथे पंजाएवढा नारिंगी पट्टा उमटला होता. "मामा, एवढा तांबडा झालाय, गेला ना हा?" सोबत त्याने रंगाचा स्प्रेही आणला होता, म्हणजे उत्तर त्याचं ठरलेलंच होतं.

तो नारिंगी पट्टा म्हणजे नुसता डाग. घासून घासून जस्ताचा मुलामा उडाला, उघड्या लोखंडाला खारं पाणी आणि हवा मिळाली आणि गंज आडवा पसरला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट फुगतो, त्यामुळे चिमूटभर लोखंड गेलं तरी देखावा मोठा होतो. आतली भिंत बहुतेक तशीच शाबूत असते.

खड्डा पसरत नाही, तो आत उतरतो. कुठेतरी टिंबाएवढी जागा उघडी पडते आणि तिच्यात मीठ अडकतं. तळाशी प्राणवायू पोचत नाही, म्हणून आजूबाजूचा चांगला पृष्ठभाग आणि खड्ड्याचा तळ यांच्यात विजेच्या घटासारखा प्रकार सुरू होतो. त्यात झिजतो तो तळ. मिठातलं क्लोराइड आत ओढलं जातं, तिथलं पाणी आम्लधर्मी होतं, आणि खड्डा स्वतःच स्वतःला पोसत राहतो. तोंड बारीकच राहतं, कधी आत जास्त रुंद होतं. वर गंजाची टिकली बसलेली असल्याने बघणाऱ्याला वाटतं, हे तर काहीच नाही. म्हणजे डोळा नेमका उलटा फसतो: मोठ्या डागाला घाबरतो आणि टिकलीला सोडून देतो. भरलेल्या सिलिंडरची भिंत चोहोबाजूंनी ताणलेली असते; हा ताण खड्ड्याच्या तळाशी एकवटतो, आणि तिथेच जाडी सर्वांत कमी. एकटा खड्डा एक वेळ परवडला, पण ओळीने पडलेले खड्डे वाईट.

रंगावरून फरक कळत नाही, त्यामुळे आधी गंज काढावा लागतो. नायलॉनच्या घासणीने आणि गोड्या पाण्याने मी तो पट्टा घासला. वीसेक मिनिटांत खाली सपाट, करडं लोखंड दिसलं. मग दिवा बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. सपाट जागी उजेड सरळ घसरत जातो. खड्डा असेल तर त्याची सावली पडते. पट्ट्यावर एकही सावली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिलं. रात्रीत नारिंगी झाक परत आली असती तर मीठ अजून आत आहे असं समजून पुन्हा धुवावं लागलं असतं.

कुठे पांढरी भुकटी दिसली तर तो जस्ताचा गंज. जस्त लोखंडासाठी स्वतः झिजतंय. तिथे तारेचा ब्रश मारू नये, उरलंसुरलं जस्तही निघून जाईल. गंजाचा काळा थर बनवणाऱ्या रसायनाबाबत, म्हणजे गंज-कन्व्हर्टरबाबतही हेच. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड शेजारचं चांगलं जस्त खातं, आणि त्याच्या काळ्या थरावर जस्ताचा रंग मारला तर जस्त लोखंडाला टेकतच नाही. मग तो बाकीच्या रंगांसारखाच एक रंग. तो मारायचा तर उघड्या, कोरड्या, चकचकीत लोखंडावरच. संडास धुवायचं ॲसिड तर नकोच. त्यातून सुटलेला हायड्रोजन कणखर पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो.

आता बुडाचा रबरी बूट. भाच्याने तो कधी काढलाच नव्हता. गोल बुडाचा सिलिंडर उभा राहावा म्हणून तो घालतात, आणि खारं पाणी आत तुंबून राहतं. साबण सोडून ओढला तेव्हा काळा चिखल निघाला. धुतल्यावर बुडाच्या वळणावर मोहरीएवढे पाच-सहा ठिपके दिसले, त्यातले तीन एका ओळीत. टॉर्च धरल्यावर तिन्हींची सावली पडली आणि सुईचं टोक त्यांत अडकलं.

"यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला तर?" भाच्याने विचारलं. लांबीने खड्डा झाकतो, भिंत जाड होत नाही. ग्राइंडरने सपाट केला तर आजूबाजूची भिंतही पातळ होते, आणि वर तपासणाऱ्याला खड्डा सापडतही नाही. खोली मोजायला टोकदार डेप्थ गेज लागतं. राहिलेली जाडी चालेल की नाही हे ठरवणं माझं काम नव्हे, पेसोची, म्हणजे दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मान्यता असलेल्या चाचणी केंद्राचं आहे. २३२ बारच्या सिलिंडरला तिथे पाणी भरून ३४८ बारपर्यंत ताणतात.

मी मार्करने तिन्ही ठिपक्यांभोवती गोल काढले. स्प्रेचा डबा न उघडताच डिकीत परत गेला.