चंद्राचं वर्ष, सूर्याचा शेतसारा

रमजान जवळ आला की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरायला लागतो. ईद कधी भर उन्हाळ्यात, कधी थंडीत. यांच्या कालगणनेला काही शास्त्रच नाही, असा त्याचा सूर असतो. ज्यांना ‘असा महिना ८२३ वर्षांतून एकदाच येतो’ हेही खरं वाटतं, तेच तो पुढे पाठवतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण हिजरी वर्ष का सरकतं आणि त्या सरकण्यापायी एका अवाढव्य साम्राज्याच्या महसूल खात्याची किती तारांबळ उडाली, हा माझा फार आवडता विषय आहे.

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस जातात. असे बारा महिने म्हणजे ३५४.३६७ दिवस. ऋतूंचं चक्र पुरं व्हायला मात्र ३६५.२४२२ दिवस लागतात. दरवर्षी १०.८७५ दिवसांची तूट. म्हणून २०२४ साली आपल्याकडे ११ एप्रिलला आलेली ईद २०२५ मध्ये ३१ मार्चला आली, आणि २०३० साली तर जानेवारीत एक व डिसेंबरअखेर दुसरा असे दोन रमजान सुरू होतील.

ही तूट आपल्या पंचांगानं धोंड्याच्या महिन्यानं भरून काढली. १९ वर्षांत साधारण ७ अधिकमास टाकले की हिशेब जमतो, हे बॅबिलोनच्या लोकांनाही ठाऊक होतं. अरबस्तानातही इस्लामच्या आधी ‘नसी’ नावाची अशीच सोय होती. पण महिना कधी वाढवायचा ते जाहीर करण्याचा मान एका ठरावीक घराण्याकडे होता. अरबांचे चार महिने युद्धबंदीचे. ते मागेपुढे केले की लढाई केव्हा चालेल आणि केव्हा नाही, तेच बदलायचं. कुराणाच्या नवव्या सुऱ्यातल्या ३७व्या आयतीनं ही प्रथा बंद केली. म्हणजे अधिकमास माहीत नव्हता असं नाही, तो विचारपूर्वक नाकारला होता. उरला तो चंद्र. पश्चिमेला कोर दिसली की महिना लागला. वाळवंटातल्या उंटवाल्याला त्यासाठी ज्योतिषाचं दार ठोठवावं लागत नाही. मला हा निर्णय मोठा लोकशाही वाटतो.

अडचण आली ती राज्य वाढल्यावर. ६३५ मध्ये दमास्कस, ६३७ च्या सुमारास इराणी राजधानी मदाइन, ६४२ पर्यंत इजिप्त. व्यापारी आणि पशुपालक टोळ्यांच्या हाती दहा वर्षांत नाईल, तैग्रिस आणि युफ्रेटिसकाठची सुपीक जमीन आली, आणि तिच्याबरोबर शेतसारा. पत्रांवर साल नसतं अशी तक्रार बसऱ्याच्या सुभेदारानं खलीफा उमर यांच्याकडे केली, अशी परंपरा सांगते. उमर यांनी हिजरतीच्या, म्हणजे प्रेषित मुहंमद मक्केहून मदिनेला गेले त्या वर्षापासून साल मोजायचं ठरवलं, ते हिजरी १७ च्या आसपास. आता गंमत बघा. मागे मोजत गेलं तर पहिल्या सालचा १ मोहरम पडतो १६ जुलै ६२२ ला. सतराव्या सालचा १ मोहरम पडला २३ जानेवारी ६३८ ला! सन रुळायच्या आतच वर्षारंभ भर उन्हाळ्यातून कडक थंडीत गेला होता. अशा वर्षावर गव्हाचा सारा कसा बांधणार?

व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक पपायरसची पावती आहे. इजिप्तच्या हेराक्लिओपोलिस शहरात लिहिलेली. अब्दुल्ला इब्न जाबिर नावाच्या अरब सरदारानं आपल्या सैनिकांसाठी ६५ मेंढ्या घेतल्या, त्याची ही पोच. अरबी मजकुरात हिशेब ५० अधिक १५ असा फोडून दिलाय. आधी ग्रीक मजकूर, त्याखाली अरबी. ग्रीक भागात तारीख इजिप्तच्या सौर महिन्याची, फार्मूथी ३०. अरबी भागात जुमादा अल-अव्वल, साल २२. म्हणजे २५ एप्रिल ६४३. हिजरी साल घातलेल्या सर्वांत जुन्या कागदांपैकी हा एक, आणि त्यावर एकाच व्यवहाराला दोन कालगणना लागल्यात. मेंढ्या सैन्याच्या पोटात गेल्या, पण कारकुनाचं काम दुप्पट झालं ते कायमचंच.

दप्तरं पुढची पन्नासेक वर्षं ग्रीक आणि पहलवी (जुनी इराणी) भाषांतच चालली. खलीफा अब्दुल मलिकच्या कारकिर्दीत ती अरबीत आली. भाषा बदलली तरी पिकं सूर्यावरच पिकणार. म्हणून इजिप्तमध्ये तिथले जुने सौर, म्हणजे कॉप्टिक महिने राहिले आणि इराकात सारा इराणी नवरोजला, म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवशी, वसूल होत राहिला. पण इराणी वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही. दर चार वर्षांनी एक दिवस घसरायचा. नवव्या शतकापर्यंत नवरोज एप्रिलात आला. अकराव्या शतकातला विद्वान अल-बिरुनी यानं लिहून ठेवलंय, की खलीफा मुतवक्किल शिकारीला गेला असताना त्याला शेतं हिरवी दिसली, आणि मागणी मात्र साऱ्याची. शेतकरी कर्ज काढून भरणा करीत. त्यानं सुधारणा ठरवली, पण ८६१ मध्ये त्याचा खून झाला. अखेर खलीफा मुतजिदनं ८९५ साली वसुलीचा नवरोज ११ जूनला नेला आणि लीप दिवसानं तिथंच बांधून टाकला.

आता यातली खरी गाठ. सारा सौर वर्षाचा, पण कागदावर आकडा हिजरी सालाचा. ३२ सौर वर्षं म्हणजे ११,६८७.७५ दिवस, ३३ चांद्र वर्षं म्हणजे ११,६९४.१. फरक जेमतेम सहा दिवसांचा. म्हणजे ३२ हंगाम होतात तेवढ्यात हिजरी सालाचे आकडे ३३ सरकतात. एका सालाच्या नावावर पीकच नाही! उपाय असा, की साधारण ३३ वर्षांतून एकदा वसुलीच्या सालातला एक आकडा गाळायचा. तसं केलं नाही तर मागच्या सालाची थकबाकी आहे असा भास होतो. पुढे उस्मानी तुर्कांनी सैनिकांचा पगार चंद्राच्या वर्षानं दिला आणि जमा सूर्याच्या वर्षानं घेतली. ३२ वर्षांच्या जमेवर ३३ वर्षांचा पगार, आणि त्यापायी तिजोरीला खड्डा.

खगोलज्ञांचं काम वेगळं. त्यांनी चांद्र वर्षाच्या ३५४ दिवसांवरच्या ०.३६७ चा हिशेब लावला: ३० वर्षांत ११ जादा दिवस धरायचे, मग चूक साधारण अडीच हजार वर्षांत एका दिवसाची. आणि कोर दिसायला चंद्र सूर्यानंतर किमान ४८ मिनिटांनी, म्हणजे १२ अंशांनी मावळला पाहिजे हा नियम त्यांनी भारतीय सिद्धांतग्रंथांतून घेतला. आठव्या शतकात बगदादला गेलेल्या ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतल्या ग्रंथाचं अरबी रूप ‘सिंदहिंद’ म्हणून गाजलं. सगळं आमचंच होतं म्हणणारे आणि सगळं बगदादेत सुरू झालं म्हणणारे, दोघांनाही हे गैरसोयीचं.

आपल्या मोडी कागदांतला सुहूर सन हा याच दुखण्यावरचा दख्खनी इलाज. १३४४ साली, हिजरी ७४५ चा आकडा उचलला आणि वर्ष सौर करून टाकलं. वर्षारंभ मृग लागल्यावर, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. तिथून दोन्ही सन फाकत गेले. शिवराज्याभिषेकाला, जून १६७४ मध्ये, हिजरी १०८५ होतं आणि सुहूर १०७५, म्हणजे ‘खमस सबैन अलफ’. पानिपताच्या लढाईला हिजरी ११७४, पण मराठी कागदांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’, ११६१. अंतर दहावरून तेरावर गेलेलं. इसवी सन काढायचा तर मृगानंतरच्या कागदाला ५९९ मिळवायचे. पानिपत १४ जानेवारीचं, मृगाच्या आधीचं, म्हणून तिथं ६००.