नळातलं शिसं: पाइप बदलायचा तर पुरता बदला

हजार लिटरच्या टाकीत अवघं 10 मिलिग्रॅम शिसं विरघळलं की ते पाणी पिण्याच्या मर्यादेला टेकतं. तांदळाच्या अर्ध्या दाण्याचं वजन साधारण एवढंच भरेल. आयएस 10500 या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर काही घटकांना थोडी सवलत मिळते, शिशाला ती नाही. अशा पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चवही बदलत नाही. घरात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) असेल तर त्याच्यावर विसंबू नका. तो लिटरला 1 मिलिग्रॅमपेक्षा लहान फरक दाखवत नाही आणि इथे प्रश्न त्याच्या शंभराव्या हिश्शाचा आहे.

नाशिकला पुरवलं जाणारं, गंगापूर किंवा मुकणे धरणातून निघालेलं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडतं तेव्हा त्यात शिसं असण्याचं सहसा कारण नसतं. ते मिसळतं ते शेवटच्या टप्प्यात, रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपासून स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत. म्हणूनच शेजारच्या दोन घरांचे अहवालही वेगवेगळे येऊ शकतात.

या टप्प्यात शिसं कुठे कुठे असू शकतं? जुन्या बिडाच्या वाहिन्यांचे सांधे तागाची दोरी ठोकून आणि वर वितळलेलं शिसं ओतून केलेले असत. 100 मिलिमीटरच्या एका सांध्याला दोनेक किलो शिसं लागे. आकडा ऐकून धडकी भरते, पण पाण्याला शिवतो तो आतल्या दोरीचा भाग आणि मोठ्या वाहिनीतून पाणीही भरपूर जातं, त्यामुळे हा सांधा फारसा दोषी नसतो. खरी भानगड लहान व्यासाच्या पाइपात होते, कारण तिथे थोडं पाणी मोठ्या पृष्ठभागाला तासन्‌तास चिकटून राहतं. जगातल्या अनेक शहरांत फेरूलपासून (मुख्य वाहिनीवर घरची जोडणी जिथून निघते तो जोड) मीटरपर्यंतचा तुकडा शिशाचा असे, कारण शिसं हाताने वाकवता येतं. आपल्याकडे घरगुती जोडणीसाठी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइपच जास्त वापरला गेला, तरी भद्रकाली, पंचवटीसारख्या भागांतल्या फार जुन्या जोडणीत फेरूलजवळचा वाकडा तुकडा एकदा तपासून घ्यावा.

जीआयही अगदी सोवळा नाही. त्याच्या जस्ताच्या मुलाम्यात परंपरेने एक टक्क्यापर्यंत शिसं असे. शिवाय गंजलेला जीआय मागून आलेलं शिसं गंजाच्या थरात धरून ठेवतो आणि थर निखळला की एकदम सोडतो. आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा किंवा शेंदूर फासायची जुनी पद्धत तुम्ही पाहिली असेल. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड आणि जुना अस्सल सफेदा म्हणजे शिशाचं कार्बोनेट. टेफलॉन टेप आल्यावर याची गरज उरलेली नाही, पण हात बसलेले काही कारागीर अजून डबी काढतात. त्यांना थांबवा.

मग पितळी नळ. लेथवर सुबक कापलं जावं म्हणून पितळेत दोन-तीन टक्के शिसं मुद्दाम घालतात. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त नळात ते किती असेल याचा भरवसा नाही. अमेरिकेत पाण्याला लागणाऱ्या भागात सरासरी 0.25 टक्क्यापेक्षा जास्त शिसं असेल तर त्या नळाला शिसेमुक्त म्हणता येत नाही. आणि शेवटी यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकचा पाइप. उष्णतेने पीव्हीसी विघटित होऊ नये म्हणून त्यात घालायचा स्टॅबिलायझर आपल्याकडे वर्षानुवर्षं शिशाचाच होता. केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम करून त्याला लगाम घातला. नव्या पाइपाच्या आतल्या पृष्ठभागावरचं शिसं सुरुवातीला जास्त सुटतं, पुढे कमी होतं. खरेदी करताना पाइपावर आयएसआय खूण, आयएस 4985 हा क्रमांक आणि शिसेमुक्त असल्याचा छाप बघा. बिनछापाचा पाइप शेतात वापरा, पिण्याच्या पाण्याला नको.

ओळखायचा कसा

मीटरजवळचा किंवा भिंतीतून बाहेर आलेला उघडा भाग शोधा. त्यावरचा रंग आणि मळ कापडाने पुसा आणि साध्या लोहचुंबकाने सुरुवात करा. चुंबक घट्ट चिकटला तर लोखंड, म्हणजे जीआय. नाही चिकटला तर नाण्याच्या कडेने हलकेच ओरखडा काढा. नाणं सहज रुतलं आणि खाली चांदीसारखा लखलखीत पट्टा दिसला, तर ते शिसं. लाल निघालं तर तांबं. शिशाच्या पाइपाला ठोकलं की खणखणाट होत नाही, दबका आवाज येतो. तो सरळसोट नसतो, वळणावर कोपराऐवजी पाइपच वाकवलेला असतो आणि सांध्यावर लिंबाएवढा फुगवटा दिसतो. काढलेला तुकडा हातात घेतला तर शंकाच उरत नाही. 15 मिलिमीटर आतल्या व्यासाचा, 5 मिलिमीटर जाडीचा शिशाचा पाइप मीटरला साडेतीन किलो भरतो, तेवढाच जीआय सव्वा किलोच्या आसपास. ओरखडा काढल्यावर हात साबणाने धुवा.

शिसं पाण्यात उतरतं कसं

पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे शिशाचा पृष्ठभाग झिजतो आणि कार्बोनेटचा पांढुरका थर धरतो. हा थर जोवर शाबूत आहे तोवर पाण्यात शिसं कमी उतरतं. पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असेल तर थर नीट धरत नाही. सह्याद्रीतल्या पावसाचं धरणात साठलेलं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा मऊ असतं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपून जड झालेलं असतं.

पाण्याची जात बदलली की जुना थर नव्या पाण्याला मानवत नाही. वॉशिंग्टन शहरात 2000 साली जंतुनाशक म्हणून क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाली आणि वर्षानुवर्षं टिकलेला शिशाच्या डायऑक्साइडचा थर विरघळू लागला. अमेरिकेतल्याच फ्लिंट शहरात एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक फॉस्फेट घालायचंच राहिलं. पाइपातलं शिसं लोकांच्या नळाला उतरलं. नाशिकच्या एखाद्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यात महापालिकेचं पाणी, बोअर आणि टँकर एकाच टाकीत पडतं तेव्हा लहान प्रमाणात असाच बदल आठवड्यातून अनेकदा होतो. पाइपात शिसं असेल तर हे चांगलं नव्हे.

त्यात आपला पाणीपुरवठा ठरावीक वेळेचा. पाणी गेलं की वाहिनीत हवा शिरते, थर सुकतो. पाणी आलं की झटका बसतो. जुन्या नाशकातल्या टेकडांवर दाब कमी म्हणून काही जण मोटार थेट नळजोडणीवर लावतात. ती थरही उपटते आणि फटीतून गटाराचं पाणीही ओढते. मोटार हौदावर असावी, लाइनीवर नाही.

अर्धं काम का नको

रस्त्याचा भाग महापालिकेचा, कुंपणाच्या आतला घरमालकाचा, अशी वाटणी असल्याने अनेक शहरांत अर्धाच पाइप बदलला गेला. त्याने पाणी सुधारेल असं वाटतं, पण होतं भलतंच. करवतीच्या धक्क्याने उरलेल्या शिशाचा थर कणाकणाने सुटतो. उरलेल्या शिशाला तांबं किंवा पितळ थेट जोडलं तर पाण्यातच विद्युतघट तयार होतो आणि शिसं आणखी वेगाने झिजतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या विज्ञान सल्लागार मंडळाने 2011 मध्ये तपासून सांगितलं की अर्धवट बदलाने शिसं खात्रीने कमी होतं असं दिसत नाही, उलट काही काळ वाढतं. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराने 2001 ते 2011 या काळात शिशाच्या जोडण्या फेरूलपासून घरापर्यंत अख्ख्या काढल्या. न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहराने सुमारे 23 हजार जोडण्या तीन वर्षांच्या आत बदलल्या. 2024 च्या अमेरिकी नियमाने बहुतेक शहरांना 10 वर्षांची मुदत दिली आहे. तिकडच्या खर्चाची बरोबरी आपण करणार नाही, पण अख्खा तुकडा काढायचा हा धडा घ्यायला हरकत नाही.

सिंहस्थ 2027 चा आहे. त्याआधी ज्या गल्लीचा रस्ता उकरला जाईल, तिथे काँक्रीट पडण्याआधी जुन्या जोडण्या बदलून घेणं सर्वांत स्वस्त पडेल. एकदा काँक्रीट झालं की एका फेरूलसाठी पुन्हा फोडाफोड, रस्ता फोडाईचे पैसे आणि शेजाऱ्यांची बोलणी. अख्ख्या गल्लीने मिळून पाणीपुरवठा विभागाकडे अर्ज केला तर एकाच चरात सगळी कामं होतात.

काम करताना

मुख्य वाहिनीवरचा फेरूल काढणं-बसवणं हे महापालिकेचं काम, पुढचं परवानाधारक प्लंबरचं. फेरूल ते मीटर या टप्प्यासाठी निळा एमडीपीई (प्लास्टिकचा) पाइप आणि कॉम्प्रेशन जोड सोयीचे. तो वाकतो, त्यामुळे मध्ये सांधे लागत नाहीत. चर पाऊण ते एक मीटर खोल असावा. नाशकात थोडं खाली गेलं की मुरूम नाहीतर कातळ लागतो आणि त्याच्या कडा पाइपाला कापतात, म्हणून खाली आणि वर 10 सेंटिमीटर वाळू हवीच. गटार ओलांडायचं असेल तर पाइप वरून जावा, मध्ये अर्धा मीटर तरी अंतर राहावं आणि त्या भागात सांधा नसावा. घराच्या आत आयएस 15778 चा सीपीव्हीसी प्लास्टिकचा पाइप चालतो. उन्हात उघडा राहणार असेल तर त्यावर रंग किंवा आवरण द्या. सॉल्व्हंट सिमेंट वाळायला दिलेला वेळ पाळा, घाईत पाणी सोडलं की पहिला कोपर गळतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. बऱ्याच जुन्या घरांत विजेचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेलं असतं. तिथे प्लास्टिकचा पाइप आला की अर्थिंगच गेलं आणि गिझरच्या नळाला झटका बसू शकतो. पाइप तोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वेगळा अर्थिंगचा खड्डा करून घ्या.

शिशाचा पाइप हॅक्सॉने सावकाश कापावा, खाली जुना कागद पसरावा. ग्राइंडर आणि गॅसची बत्ती दोन्ही वर्ज्य. शिसं 327 अंशांना वितळतं, बत्तीने त्याचा धूर होतो आणि ग्राइंडरने बारीक धूळ. दोन्ही पाण्यापेक्षा लवकर अंगात जातात.

पाणी सोडल्यावर

सगळ्या नळांच्या टोकाच्या जाळ्या काढा, सुटलेले कण तिथेच अडकतात. मीटरच्या जवळचा नळ आधी आणि मग पुढचे, असे सगळे पूर्ण उघडून किमान अर्धा तास वाहू द्या. हे पाणी हौदात घेऊ नका. हौद आणि टाकी तळाच्या गाळासकट धुवा, कारण वर्षानुवर्षांचे कण त्या गाळात बसलेले असतात. पुढचे काही महिने जाळ्या दर पंधरवड्याला साफ करा. अमेरिकी नियमात पाइप बदलल्यावर सहा महिने शिसं गाळणारा फिल्टर द्यावा लागतो, कारण एवढे दिवस कण सुटत राहू शकतात. आपल्याकडचा चालू स्थितीतला आरओ शिसं चांगलं अडवतो. नुसता यूव्ही किंवा कापडी गाळणं उपयोगाचं नाही. उकळल्याने तर पाणी आटून शिशाचं प्रमाण वाढतं. गिझरचं पाणी स्वयंपाकाला घेऊ नका, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. बाटलीच्या दुधावरच्या बाळांसाठी हे सगळं कटाक्षाने पाळा. लहान मुलं प्रौढांच्या चार-पाच पट शिसं शोषतात, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त.

तपासणी रात्रभर बंद राहिलेल्या स्वयंपाकघरातल्या नळाची करा, सहा तास तरी पाणी वापरलेलं नको. आरओ असेल तर त्याच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडूनच बाटल्या आणा. पहिली बाटली 250 मिलिलिटरची, नळ उघडताक्षणी. दुसरी पाइपातलं पाणी येईल तेव्हा. 15 मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरला 177 मिलिलिटर पाणी असतं, 20 मिलिमीटरच्या पाइपात 314, त्यावरून हिशेब करा. तिसरी पाच मिनिटं पाणी वाहू दिल्यावर. फक्त पहिलीत शिसं सापडलं तर नळ बदला. दुसरीत जास्त असेल तर पाइप दोषी. तिन्हींत सारखं असेल तर टाकीकडे आणि त्यामागच्या जोडणीकडे बघा. पहिलं पाणी वाया घालवायला जिवावर येत असेल तर बादलीत धरा, फरशी पुसायला चालतं. छतावरच्या टाकीपासून 20 मीटर पाइप धरला तरी सहा-सात लिटर पाणी सोडलं की मधलं सगळं शिळं पाणी निघून जातं.

काढलेला पाइप भंगारात चांगल्या भावाने जातो, म्हणूनच तो गल्लीतल्या भट्टीत पोचायचा धोका असतो. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं घेणाऱ्या परवानाधारक पुनर्वापर केंद्रालाच तो द्या आणि तोवर मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.